खुणेचा शब्द

७ जुलै

ठके,

हे पत्र तुझ्या हाती पडलं तर आधी एकच सांग. एप्रिलपासून माझ्या फोनवर जी लिहीत होती, ती तू होतीस का?

हो किंवा नाही, एवढंच लिही. बाकी काही लिहायची इच्छा नसेल तर लिहू नकोस. मुद्दाम कागदावर विचारते आहे. फोनवर विचारलं तर जी कोण असेल ती "हो, मीच" म्हणेल, आणि माझं घोडं तिथेच अडेल. तुझं अक्षर मात्र मी ओळखते. तुझा र शेजारच्या अक्षराच्या अंगावर पडतो, लहानपणापासून.

पत्ता मामेभावाने दिला. अजून शाळेच्या क्वार्टरमध्येच राहतेस म्हणाला, आणि अजूनही गणितच शिकवतेस. तू त्याच्याशी बोलतेस हे मला नव्याने कळलं. असो.

गैरसमज नको. मी तुला शोधायला गेले नव्हते. एक दिवस दुकानात बसले होते आणि मेसेज आला: "ताई, कशी आहेस? नंबर बदललाय. मी तुझी धाकटी." फोटोही तुझाच होता, काउंटरवर कोपर टेकून तोंड वाकडं केलेला. मी आधी फोन गल्ल्यात ठेवून दिला. मग काढून उत्तर दिलं. म्हटलं, नऊ वर्षांनी का होईना, पायरी तिने उतरली. आपण कशाला ताणायचं?

रोज दोन-चार ओळी यायच्या. जेवलीस का, दुकान कसं चाललंय, तब्येत सांभाळ. मी काहीबाही सांगत राहायचे. बाबांचं शेवटची दोन वर्षं मी कसं केलं ते सांगितलं. तू एकदाच येऊन गेलीस तेही सांगितलं. बाबा गेले त्या आठवड्यात घरभर माणसं असताना तू म्हणालीस, "ताईने केलं ते दुकानासाठी केलं", आणि ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं, हेही सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "जुनं सगळं विसर ताई, माझंच चुकलं."

तिथेच मला कळायला हवं होतं. पाच वर्षांची असताना तू बाबांचा चष्मा पायाखाली मोडलास आणि वर त्यांनाच विचारलंस, चष्मा जमिनीवर कशाला ठेवला? तू आणि माफी! पण माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू आलं की तो कान तपासायला जात नाही. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि घरी चालत गेले.

बाकी इकडे ठीक आहे. दुकान चालू आहे, माझे गुडघे कुरकुरतात, कुणाचं काही गेलेलं नाही. फक्त उत्तर दे.

ताई


२२ जुलै

ठके,

उत्तर आलं नाही. म्हणजे पत्र पोचलं नाही, किंवा पोचलं आणि तू ते न फोडता ठेवलंस. तुझा काय भरवसा. तरी लिहिते, कारण मागच्या पत्रात एक वाक्य खोटं लिहिलं होतं. "कुणाचं काही गेलेलं नाही." गेलं आहे. आणि ते माझं गेलेलं नाही, याचाच त्रास जास्त आहे.

नीट सांगायचं तर वर्गापासून सुरुवात करावी लागेल. तुला माहीत नसणार, आपल्या चष्म्याच्या दुकानात दर शनिवारी दुपारी फोनचा वर्ग भरतो. हसू नकोस. लोक यायचे आणि म्हणायचे, "नंबर वाढलाय, फोनवरचं काही दिसत नाही." तपासावं तर नंबर तोच, काचा धडधाकट. मग मी त्यांचा फोन घेऊन अक्षर मोठं करून द्यायचे. नवा चष्मा खपवायचा सोडून गिऱ्हाइकाला फुकट परत पाठवायचं, बाबा असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. पण अक्षर दिसायला लागलं की माणूस पुढचं विचारतो. हे बटण कसलं? लाइटचं बिल यातून कसं भरायचं? नात दिसते तशी मी तिला दिसते का? मला जेवढं येत होतं तेवढं सांगायचे, आणि ते फार नव्हतं.

समोरच्या ग्रंथालयात एक बाई आहेत, आपण त्यांना लायब्ररीवाल्या म्हणू, इथे सगळे तसंच म्हणतात. त्या चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या होत्या. दांडी बसेपर्यंत त्यांनी बाकावरच्या तीन माणसांना फोनवरून बसची वेळ बघायला शिकवलं. मी म्हटलं, बाई, तुम्ही शनिवारी याच. तेव्हापासून येतात. मोठ्या अक्षरातले कागद करून आणतात, मी ते नंबर तपासायच्या तक्त्यावर चिकटवते. वर्गाला ज्या येतात त्यात सगळ्यात शांत औषधवाल्या वहिनी. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान त्यांच्या यजमानांचं. ते मागच्या थंडीत गेले. वहिनींनी त्याआधी फोनला हात लावला नव्हता. आल्या तेव्हा म्हणाल्या, "मला बिल नको, बस नको. यांनी मला फोनवर बोलून ठेवलेलं आहे, ते परत कसं ऐकायचं तेवढं शिकवा." ते शिकवलं. त्या बाकाच्या टोकाला बसून फोन कानाला लावायच्या. काय ऐकतात ते आम्ही कधी विचारलं नाही.

आता माझा पराक्रम ऐक. जूनमधल्या एका शनिवारी मी त्याच बाकासमोर उभी राहून सांगितलं की फोनवर येणारा कोड म्हणजे घराची किल्ली, कुणालाही द्यायचा नाही. सोमवारी एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. हातात पेचकस, ओठांत स्क्रू. मेसेज आला, "ताई, माझा फोन बंद पडलाय, नवीन घेतला. चुकून तुझ्याकडे सहा आकड्यांचा कोड आलाय, तो लवकर पाठव." कुणालाही म्हणजे परक्याला, असं मी धरून चालले होते. तू परकी होतीस का? मी ओठांतला स्क्रू काढला, आधी कोड पाठवला आणि मग स्क्रू बसवला.

थोड्या वेळाने माझ्या फोनमध्ये मीच राहिले नाही. माझं खातं दुसरीकडे कुठेतरी उघडलं होतं, आणि तिथून माझ्या नावाने वर्गाच्या ग्रुपवर निरोप गेला: "सर्वांनी आलेला कोड मला पाठवावा, वर्गाच्या नोंदणीसाठी." आमची माणसं किती आज्ञाधारक! बेकरीवाल्या काकांनी पाठवला. औषधवाल्या वहिनींनी पाठवला आणि वर विचारलं, "ताई, बरोबर केलं ना?" त्या ठकाने त्यांना अंगठा दाखवला.

मग वहिनींच्या नावाने त्यांच्या नातेवाइकांकडे पैशांची मागणी गेली, दवाखान्यासाठी म्हणून. कुणी दिले नाहीत, नशीब. पण वहिनींच्या धाकट्या दिरांनी फोन करून त्यांना वाट्टेल ते सुनावलं. दादा जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि भीक कसली मागता? वहिनी घाबरल्या. शेजारी कुणीतरी म्हणालं, ते ॲपच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. त्यांनी काढून टाकलं. त्याबरोबर यजमानांचं सगळं बोलणं गेलं. लायब्ररीवाल्यांनी खूप खटपट केली. प्रत कुठेच ठेवलेली नव्हती. प्रत ठेवायची असते हे आम्ही शिकवलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी मला वाटलं होतं कुणी येणार नाही. बाक गच्च भरला होता. मी काय बोलते ते सगळ्यांना बघायचं होतं. मी सांगितलं. बहिणीच्या नावाने कुणीतरी लिहिलं आणि मी फसले. तुझं नाव घेतलं नाही, काळजी नको.

मागून एक जण म्हणाला, "आधी फोन नव्हते तेच बरं होतं. वर्ग बंद करा आणि मोकळे व्हा."

बेकरीवाले काका म्हणाले, "चोर येतो म्हणून कुणी शटर कायमचं ओढून बसतं का? मग पाव कुणाला विकू, चोराला?"

लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगितलं म्हणून मी कोड दिला. आता ऐकायचं कुणाचं, ते सांगा."

ठके, इतकी वर्षं लोकांना 'वरून तिसरी ओळ वाचा' म्हणत आले, आणि त्या दिवशी माझ्याच डोळ्यांपुढे ओळ नव्हती. शेवटी लायब्ररीवाल्या बोलल्या. "कुणाचंच नाही, वहिनी. निरोप देवाचा आला तरी आधी त्या माणसाला आपण स्वतः फोन करायचा, जुन्या नंबरवर. नाहीतर उठून जायचं. ताईंचं दुकान काय समुद्रापार आहे?"

मग लायब्ररीवाल्या, काका, वहिनी आणि मी, आम्ही चौघं पोलिसांकडे गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे लिहून घेतलं, ओरडल्या नाहीत, मला वाटलं होतं ओरडतील. खाती परत मिळाली, आता प्रत्येकाला दुसरं कुलूपही घातलंय. वहिनींचं मात्र जे गेलं ते गेलं.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक झालेलं आहे. तरी तुझ्याकडून हवं आहे.

ताई


२९ जुलै

ताई,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं आलं तेव्हा चाचणीचे पेपर तपासत होते. दुसरं आलं तेव्हा पेपर संपलेले होते, म्हणून कारणही संपलं.

ती मी नव्हते. माझ्याकडे बटणांचा फोन आहे. त्यावर शाळा बोलते आणि दूधवाला बोलतो.

तू लिहिलेलं दोनदा वाचलं. एक गोष्ट जुळत नाही. तोंड वाकडं केलेला तो फोटो बाबांनी काढला होता. त्याची एकच प्रत आहे आणि ती तुझ्याकडे आहे. मी मागितली होती, तू दिली नव्हतीस. मग ती त्या ठकाकडे गेली कशी? "मी तुला शोधायला गेले नव्हते" हे वाक्यही मला जरा लंगडं वाटलं. गणितात अशा ठिकाणी आम्ही लाल खूण करतो.

आणखी एक. कुणीतरी माझ्या नावाने तुझी माफी मागितली हे वाचून मला फार राग आला. मागायची की नाही, केव्हा आणि कशी, ते मी ठरवीन. भाड्याच्या माणसाने नाही. मी त्या दिवशी काय बोलले ते मला आठवतं. त्याबद्दल पत्रात लिहिणार नाही.

औषधवाले आठवतात. ते नुकतेच दुकानावर बसायला लागले होते तेव्हा मला खोकल्याच्या औषधावर एक लिमलेटची गोळी फुकट द्यायचे आणि सांगायचे, ताईला सांगू नकोस. वहिनींचं वाईट वाटलं.

तुमच्या वर्गातले मोठ्या अक्षरांचे कागद असतील तर पाठव. आमच्या शाळेत मुलींचे फोटो कुणीतरी उचलून कुठे कुठे लावले. एकीने आठवडाभर शाळेत पाऊल टाकलं नाही. शिक्षक नुसते म्हणतात, फोन काढून घ्या. मला ते पटत नाही, पण दुसरं काय सांगायचं ते मला येत नाही.

ठकी

ता. क. हे माझंच अक्षर आहे. र तपासून घे.


६ ऑगस्ट

ठके,

र तपासला. शेजारच्याच्या अंगावर पडलेला आहे. बरं वाटलं.

लाल खूण बरोबर जागी केलीस. फोटो मीच लावला होता. फेब्रुवारीत एक बाई नंबर काढायला आली. खालची ओळ वाचता येईना तेव्हा म्हणाली, "तुमचा तक्ताच चुकीचा छापलाय." अगदी तुझा स्वर. ती गेल्यावर मी कपाटातून तो फोटो काढला, लायब्ररीवाल्यांनी फोटो चढवायला नुकतंच शिकवलं होतं, आणि गावचे लोक फोटो, बातम्या टाकतात त्या फोनवरच्या चावडीवर लावून टाकला. खाली माझा नंबर देऊन लिहिलं, "माझी धाकटी बहीण. नऊ वर्षं बोलणं नाही. कुणाला भेटली तर सांगा, ताई वाट बघते."

म्हणजे बघ. नातं, नंबर, फोटो, अबोला, किती वर्षांचा, आणि मला ताई म्हणायचं हेसुद्धा, सगळं ताटात वाढून ठेवलं होतं. त्या ठकाला फक्त जेवायला बसायचं होतं. एका गोष्टीवर मात्र तो चुकला. मी तुझं टोपणनाव लिहिलं नव्हतं. तीन महिन्यांत त्याने एकदाही 'ठकी' म्हटलं नाही, आणि मीही त्याला कधी 'ठके' लिहिलं नाही. का, ते माझं मलाच सांगता येत नाही. पोलिसांतल्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुमचं अर्धं मन शहाणं होतं." मी म्हटलं, अर्ध्याचा काय उपयोग, चष्मा अर्धा घालून भागतं का?

तो फोटो आता तिथून काढून टाकलाय. चिडणार असलीस तर चीड. पण चूक तुझी होती असं मी अजून म्हणते. म्हणजे बाबा गेले तेव्हाच्या त्या वाक्याची. फोटोची चूक माझी.

आता वहिनींचं सांगते, कारण पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं.

जुलैत ओळीने दोन शनिवार त्या आल्या नाहीत.  काका पाव द्यायच्या निमित्ताने त्यांच्या घरी जाऊन आले. म्हणाले, फोन कपाटात ठेवून दिलाय, दिरांशी बोलत नाहीत, कुणाशीच फारसं बोलत नाहीत. दुसऱ्या शनिवारी वर्गात त्यांनी हे सांगितलं, मग लायब्ररीवाल्यांनी शिकवायला घेतलं. काका आपल्या फोनवर काहीतरी शोधत बसले होते. मला वाटलं, यांचं लक्षच नाही. आणि एकदम त्यांच्या फोनमधून औषधवाल्यांचा आवाज आला.

"काका, तुमची बीपीची गोळी आली आहे. आणि स्वतःच्या दुकानातली बिस्किटं जरा कमी खा."

सगळ्यांनी काकांच्या फोनकडे माना वळवल्या. काका म्हणाले, "अहो, त्यांना टाइप करायचा कंटाळा होता. मला नेहमी बोलूनच सांगायचे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना सगळ्यांसाठीच टाइप करायचा कंटाळा होता! गोळ्या आल्या, संपल्या, जेवणानंतर घ्या, रिकाम्या पोटी घेऊ नका, हे त्यांनी गल्लीत कुणाकुणाला बोलून सांगितलं असेल. बाकावरच्या पाच जणांनी फोन काढले आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये ते निघाले. माझ्याही. "ताई, डोळ्यांचे थेंब फ्रिजमध्ये ठेवायचे, काउंटरवर नाही." मी ते वर्षभर काउंटरवर ठेवले होते, ते सोड.

लायब्ररीवाल्यांनी पुढचा आठवडा तेवढंच शिकवलं. आवाजाचा निरोप कसा जपून ठेवायचा, कसा पुढे पाठवायचा, प्रत कशी करायची, आणि पाठवण्याआधी त्यात कुणाचं खाजगी काही नाही ना, ते कसं ऐकून बघायचं. हे शेवटचं महत्त्वाचं निघालं. औषधं कसली कसली असतात, आणि सगळीच काही चारचौघांत सांगण्यासारखी नसतात. एका आजोबांनी आपला निरोप द्यायला साफ नकार दिला, कान लाल झाले होते त्यांचे. कुणी आग्रह केला नाही. जे कधी वर्गाला आले नव्हते ते या निमित्ताने आले. शिंपी आला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. त्याला फोन लावणं आणि उचलणं याखेरीज काही येत नव्हतं. निरोप पुढे पाठवताना त्याने बटण दोनदा विचारून दाबलं. गेल्यावर म्हणाला, "गेला? खरंच गेला? अजून एक पाठवू?"

मग काका आणि मी वहिनींच्या घरी गेलो. आधी निरोप पाठवला नाही, फोन केला नाही, चालत गेलो. त्यांना म्हटलं, शनिवारी या, एक ऐकायचंय. तुमच्या मनाला बरं वाटलं नाही तर उठून जा.

त्या आल्या. बाकाच्या टोकाला बसल्या. लायब्ररीवाल्यांनी फोन त्यांच्या हातात दिला आणि दाबायचं कुठे ते दाखवलं, बाकी काही केलं नाही. एकामागून एक. गोळी आली, मलम आलं, तुमची चिठ्ठी वाचता येत नाही, डॉक्टरांना माणसाच्या अक्षरात लिहायला सांगा. वहिनी आधी नुसत्या ऐकत होत्या. डॉक्टरांच्या अक्षरावर किंचित हसल्या.

बसच्या ड्रायव्हरचा निरोप शेवटी होता. खोकल्याच्या औषधाचा. "दिवसातून तीनदा घ्या, गाडी चालवायच्या आधी घेऊ नका, झोप येते." तेवढ्यात मागे लांबून बाईचा आवाज आला, "चहा गार होतोय!" आणि औषधवाले फोन बंद न करताच म्हणाले, "आलो गं, आलो."

तो मागचा आवाज वहिनींचा स्वतःचा होता.

त्यांनी ते परत लावलं. मग परत. आम्ही सगळे इकडे तिकडे बघायला लागलो. मी एक फ्रेम पुसत बसले, तिला पुसायची काहीच गरज नव्हती. त्या रडल्या, पण फार नाही. पदराने फोनची काच पुसली आणि लायब्ररीवाल्यांना म्हणाल्या, "याची प्रत करून ठेवायची कशी ते दाखवा. दोन ठिकाणी."

दाखवलं. त्यांनी स्वतः केली. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं काहीतरी बोलतील. म्हणाल्या, "ताई, पुढच्या शनिवारी माझ्या दिरांना घेऊन येते. त्यांना काही म्हणजे काही येत नाही, आणि ओरडतात तेवढे."

मी तुला हे सगळं का लिहितेय? लिहावंसं वाटलं. शाळेसाठी कागद सोबत पाठवते आहे. त्या मुलीला कुणीतरी आधी सांगा की चूक तिची नाही. उपाय त्यानंतर. आमच्याकडे लायब्ररीवाल्या नेहमी याच क्रमाने सांगतात.

ताई


१४ ऑगस्ट

ताई,

कागद वर्गात लावले. ती मुलगी परत आली. तू म्हणालीस तसं आधी तिच्याशी बोलले, तिच्या आईशीही बोलले. मग दोघींना घेऊन पोलिसांकडे जाऊन आले. लावलेले फोटो काढून टाकले गेले. बाकीच्या मुली आता मलाच विचारतात आणि मला निम्मं येत नाही. त्यांच्यासमोर "येत नाही" म्हणायला मी शिकते आहे. त्रास होतो.

वहिनींचं वाचलं. "आलो गं"पाशी थांबले आणि चहा करायला उठले.

शाळेने नवा फोन दिला आहे. नंबर खाली लिहिला आहे. पण तू लगेच फोन करू नकोस. करशील, आणि म्हणशील मी ताई बोलतेय. ती तूच कशावरून? हल्ली आवाजाचीही नक्कल करतात असं तुमच्याच कागदावर लिहिलंय. नऊ वर्षांत तुझा खरा आवाज कसा झालाय ते मला माहीत नाही. मग मी ओळखायचं कशावरून?

याचं उत्तर असलं तर लिही.

ठकी


२० ऑगस्ट

ठके,

तुझा प्रश्न मी शनिवारी वर्गात फळ्यावर लिहिला. कुणी विचारला ते सांगितलं नाही. वहिनींचे दीर पहिल्यांदाच आले होते, पुढच्या बाकावर हाताची घडी घालून. तेच आधी बोलले. "बरोबर आहे. वहिनींच्या नावाने मागणी आली तेव्हा मी तरी ओळखणार कसं? मला वाटलं त्याच." मग वहिनींकडे न बघता म्हणाले, "ओरडायला नको होतं ते वेगळं."

लायब्ररीवाल्या म्हणाल्या, यावर उपाय जुनाच आहे. घरातल्यांनी एक शब्द ठरवून ठेवायचा. खुणेचा. फोनवर कुणी घाईने काही मागितलं, रडलं, घाबरवलं, की विचारायचं, शब्द सांग. सांगता आला तर आपला माणूस. नाही आला तर फोन ठेवायचा आणि आपण उलट फोन करायचा. शब्द कुत्र्यामांजराचं नाव नको, वाढदिवस नको, फोनवरच्या चावडीवर कधी लिहिलेलं काही नको. ज्याची आठवण फक्त त्या दोघांना असेल, असा.

सगळ्यांनी तिथेच आपापले शब्द ठरवले, कानात कुजबुजून. एरवी मोठमोठ्याने बोलणारी माणसं शाळकरी मुलांसारखी तोंडावर हात धरून बसली होती. वहिनी आणि दीर बराच वेळ भांडत होते, हा नको, तो नको, हा सगळ्यांना माहीत आहे. मग दीर काहीतरी म्हणाले आणि वहिनी इतक्या जोराने हसल्या की बेकरीवाल्या काकांनी विचारलं, काय हो, काय शब्द आहे? दोघंही एकदम म्हणाली, "सांगायचा नसतो!"

मला शब्द ठरवायला कुणी नव्हतं. मी फळा पुसला.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, आणि त्यात एक अडचण आहे. हा शब्द मेसेजमध्ये पाठवायचा नसतो. फोनवर सांगायचा नसतो. पत्रातही लिहायचा नसतो, पत्र कुणीही फोडू शकतं. तो समोरासमोर बसून, तोंडाने सांगायचा असतो. तुझ्याकडेही एक गोष्ट आहे, पत्रात लिहिणार नाही म्हणाली होतीस. ती सांगायची की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही.

रविवारी दुकान बंद असतं. सकाळच्या गाडीने निघते आहे, दुपारी पोचेन. स्टँडवर यायची गरज नाही, क्वार्टर मी शोधीन.

शब्द तू ठरव. मी लक्षात ठेवीन.

ताई